आभाळातून समुद्रात पडणारे खत

शाळेत विज्ञान शिकवताना गेली वीस वर्षे मी मुलांना एक वाक्य सांगत आलो: "निसर्गात मिळणाऱ्या पाण्यात पावसाचे पाणी सर्वांत शुद्ध." मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि मीही त्यांना पूर्ण गुण देत असे. एका जून महिन्यात मात्र मागच्या बाकावरील एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, विहिरीचे पाणी घालून जो वेल जेमतेम जगतो, तोच मृगाच्या दोन सरी पडताच एवढा हिरवागार कसा होतो? वडील म्हणतात, पावसाच्या पाण्यात खत असते." हवा थंड होते, उन्हाचा ताव कमी होतो, असे काहीसे सांगून मी त्याला खाली बसवले. माझे उत्तर खोटे नव्हते, परंतु पुरेही नव्हते. त्याच्या वडिलांचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ होते. त्या मुलाचे राहून गेलेले उत्तर आज आपणांपुढे मांडण्याचा माझा विचार आहे. ते देता देता आपल्याला शेतापासून समुद्रापर्यंत जावे लागेल. कारण जे खत शेताला मानवते, तेच किनाऱ्याजवळच्या समुद्रात फार झाले म्हणजे तेथील जीवांचा श्वास कोंडू लागतो.

त्या खताचे नाव नत्र. आपल्या भोवतालच्या हवेचे शंभर भाग केले, तर त्यांपैकी सुमारे ७८ भाग नत्रवायूचे भरतात. प्रत्येक सजीवाला नत्र हवा; त्यावाचून प्रथिन बनत नाही आणि प्रथिनावाचून पानही नाही व मांसही नाही. असे असूनही हवेतील हा अफाट साठा बहुतेक जीवांच्या काही उपयोगाचा नसतो. नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की, ती मिठी सोडवल्याखेरीज झाडाला त्याचा घास घेता येत नाही. ती सोडवू शकणारे निसर्गात थोडेच आहेत. हरभरा, तूर, मूग अशा पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू, मातीतील व पाण्यातील आणखी काही जंतू, आणि आकाशातील वीज. वीज चमकते तेव्हा तिच्या प्रचंड उष्णतेने हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होतो. त्यापासून पुढे नायट्रिक आम्ल बनते आणि ते पावसात विरघळून खाली येते. शिवाय शेण, मूत्र व कुजणारा पालापाचोळा यांतून अमोनिया वायू वर जातो. तोही पावसाबरोबर परत येतो. मृगाची सर रिकाम्या हातांनी येत नाही ती अशी.

आता हे खत किती? ह्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद माजला होता. जर्मनीत गीसेन येथे अध्यापन करणारा रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग ह्याने पावसाच्या पाण्यात अमोनिया असतो हे दाखवले आणि १८४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, वनस्पतींना नत्र मिळतो तो हवेतील अमोनियापासून, असा पक्ष मांडला. पुढे त्याचा कल असा झाला की, शेतकऱ्याने जमिनीला खनिज क्षार द्यावेत. नत्राची काळजी आभाळ वाहील. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉझ आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून शेतावर प्रयोग चालवले होते. त्यांना हे पटेना. वाद शब्दांनी मिटत नाही असे पाहून त्यांनी १८५३ च्या सुमारास एक भला मोठा पर्जन्यमापक बांधला. त्याचे तोंड एका एकराच्या बरोबर हजाराव्या भागाएवढे, म्हणजे सुमारे सात फूट लांब व सहा फूट रुंद होते. त्यात जमलेल्या पाण्यातील नत्र मोजण्याचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या नोंदींचा हिशेब असा निघाला की, पावसाबरोबर वर्षाकाठी एकरी सुमारे ४ पौंड, म्हणजे हेक्टरी साडेचार किलोच्या आसपास नत्र पडतो. गव्हाच्या चांगल्या पिकाला याच्या कितीतरी पट नत्र लागतो. आभाळ देते खरे, पण त्यावर पीक निघत नाही, हा लॉझ व गिल्बर्ट यांचा पक्ष खरा ठरला.

आभाळाचे देणे अपुरे, म्हणून माणूस स्वतःच हवेतील नत्र पकडण्याच्या मागे लागला. जर्मनीतील फ्रित्स हाबर ह्याने १९०९ साली नत्र व हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश ह्याने ती कृती कारखान्यात आणली आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न ह्या कारखान्यांतील नत्राच्या बळावर पिकते. तेव्हा ह्या शोधाला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या ताटाकडे पाहिलेले बरे.

परंतु शेतात टाकलेले सगळेच खत पिकाच्या मुखी पडत नाही. युरिया जमिनीच्या पृष्ठावर राहिला, तर त्याचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो. जेथे गुरे, कोंबड्या वा डुकरे हजारोंनी एका जागी पाळतात, तेथील मलमूत्रातूनही अमोनिया सुटतो. दुसरीकडे कोळसा, पेट्रोल, डिझेल जेथे जेथे मोठ्या उष्णतेने जळते, तेथे तेथे विजेचेच काम छोट्या प्रमाणावर पण अहोरात्र चालू असते: हवेतील नत्र व प्राणवायू एकत्र येतात आणि नत्राची ऑक्साइडे धुराबरोबर बाहेर पडतात. वीज क्षणभर चमकून जाते. वीजनिर्मितीच्या केंद्राची भट्टी रात्रंदिवस धडधडत असते आणि मोटारींची रांग तर संपतच नाही. हे वायू व त्यांपासून बनलेले सूक्ष्म कण वाऱ्यावर काही तास ते काही दिवस राहतात, शेकडो कोस प्रवास करतात आणि मग पावसाच्या थेंबात सापडून, कधी कोरडेच, जमिनीवर किंवा समुद्रावर उतरतात. ज्या पर्जन्यमापकात नत्र फार थोडा म्हणून तक्रार होती, त्याच जातीच्या मापकांत पुढे तो फार होऊ लागला.

समुद्राला ह्याचे एवढे काय, असे कोणी विचारील. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाच्या वाढीला बहुधा स्फुरद कमी पडतो; किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात मात्र बहुतेक वेळी तुटवडा असतो तो नत्राचा. ज्या घरात साखरेचा दुष्काळ आहे, तेथे चिमूटभर साखर आली तरी मुंग्यांना लागलीच कळते, तसे तेथे होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावर हान्स पेर्ल ह्या शास्त्रज्ञाने ह्याची परीक्षा साध्या रीतीने केली. किनाऱ्याजवळचे समुद्राचे पाणी भांड्यांत घ्यावयाचे आणि त्यांत खरोखरच पडलेल्या पावसाचे थोडे पाणी मिसळावयाचे. पावसाचे पाणी मिळालेल्या भांड्यांत सूक्ष्म वनस्पतींची वाढ अधिक झाली, आणि ती पावसातील नत्रामुळे, असे त्यांनी १९८५ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. माझ्या विद्यार्थ्याचा वेल आणि पेर्ल यांची भांडी यांत तत्त्वतः काही फरक नाही. वेल हिरवा झाला. समुद्रही हिरवा झाला.

समुद्र हिरवा होण्यात वाईट ते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराकडे वळू. त्याला उपसागर म्हणतात, पण खरे म्हणजे ती एक प्रचंड खाडी आहे; लांबी सुमारे ३२० किलोमीटर आणि सरासरी खोली अवघी साडेसहा मीटर. सस्क्वेहाना, पोटोमॅक अशा नद्या तिला मिळतात. सहा राज्ये आणि वॉशिंग्टन राजधानी मिळून सुमारे १,६५,००० चौरस किलोमीटर मुलखाचे पाणी तिच्यात येते. तिचे निळे खेकडे आणि कालवे यांवर कोळ्यांच्या कित्येक पिढ्या जगल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या खाडीला दम लागू लागला. वसंतात नद्यांचे पाणी नत्र व स्फुरद घेऊन येते, सूक्ष्म वनस्पती अतोनात माजतात, पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यातून ऊन तळाशी पोहोचत नाही आणि तेथले गवत मरते. ह्याच गवतात खेकड्यांची पिल्ले लपून वाढत असतात. सूक्ष्म वनस्पतींचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्या मेल्या की तळाशी बसतात व कुजतात, आणि कुजवणारे जंतू पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्यात वर नद्यांचे हलके गोडे पाणी व खाली समुद्राचे जड खारे पाणी असे थर पडलेले असतात. त्यामुळे वरची ताजी हवा खाली जात नाही. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते. मासा पोहून दुसरीकडे जाऊ शकतो. कालव मात्र खडकाला चिकटलेले. ते जाणार कोठे? आपल्याकडे 'अति तेथे माती' म्हणतात. येथे तर अन्नाचेच अति झाले.

१९८३ साली ह्या राज्यांपैकी काहींनी व मध्यवर्ती सरकारने खाडी वाचविण्याचा करार केला आणि नत्र कोठून येतो ह्याची मोजदाद सुरू झाली. शहरांच्या सांडपाण्याचे नळ मोजले, शेतांतून वाहणारे ओहोळ मोजले. आभाळाकडे मात्र आरंभी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८८ साली तेथील एका पर्यावरण संस्थेने अहवाल काढून सांगितले की, खाडीत माणसामुळे येणाऱ्या नत्राचा सुमारे चौथा हिस्सा हवेतून येतो. अनेकांना हे अतिशयोक्तीचे वाटले. पुढील मोजमापांनी मात्र हवेचा वाटा चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या घरात असल्याचेच दाखवले.

ह्यातील मर्म शाळेतल्या गणिताने समजते. रॉथॅमस्टेडचा तो जुना, तुटपुंजा ठरलेला आकडा घ्या: हेक्टरी साडेचार किलो. एका चौरस किलोमीटरात शंभर हेक्टर, म्हणजे साडेचारशे किलो. आता खाडीला पाणी पुरवणाऱ्या १,६५,००० चौरस किलोमीटरांनी गुणा. उत्तर सुमारे ७४,००० टन येते. ह्यातील पुष्कळसा भाग रान व माती शोषून घेतात आणि उरलेलाच नद्यांतून खाली येतो, हे खरे. तरी 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

ह्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. खाडीत ज्या मुलखाचे पाणी येते तो सहा राज्यांचा. परंतु तिच्यावर ज्या मुलखाची हवा येते, त्याचा नकाशा शास्त्रज्ञांनी काढला तेव्हा तो जवळजवळ नऊ पट मोठा निघाला. पश्चिमेला ओहायो, केंटकी आणि उत्तरेला कॅनडाचा काही भाग त्यात आला. ओहायो नदीकाठच्या उंच धुरांड्यांतून निघालेला धूर डोंगर ओलांडून येतो आणि मेरीलँडच्या कोळ्याच्या जाळ्यावर परिणाम करतो. त्या धुरांड्याच्या मालकाने ती खाडी कदाचित पाहिलीही नसेल. नदीला काठ असतात. कोणी घाण टाकली तर काठाकाठाने जाऊन त्याला पकडता येते. आभाळाला काठ कोठला?

मग उपाय कोणता? ह्याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. अमेरिकेने १९७० साली हवा स्वच्छ राखण्याचा कायदा कडक केला व १९९० साली त्यात मोठ्या सुधारणा केल्या. ह्या सुधारणा करताना डोळ्यांपुढे होते ते आम्लपावसाने मरणारी तळी, रोगट होणारी अरण्ये आणि धुराने खोकणारी माणसे. समुद्राची काळजी त्यात दुय्यमच होती. वीज केंद्रांना धुरातील नत्राची ऑक्साइडे कमी करावी लागली. मोटारींच्या धुराच्या नळीत ती नाहीशी करणारे उत्प्रेरक बसले. शहरातील मुलाची छाती साफ राहावी म्हणून जे केले, त्याचा लाभ दूरच्या खाडीतील खेकड्यालाही झाला. अमेरिकेच्या पूर्व भागात पावसातील नायट्रेट पुढील काळात बरेच खाली आले. २०१० साली खाडीसाठी नत्राची जी कमाल मर्यादा सरकारने ठरवली, तीत हवेतून येणाऱ्या नत्राचाही वाटा अधिकृतपणे मांडला गेला. सांडपाणी, शेते व हवा ह्या तिन्हींवर मिळून झालेल्या प्रयत्नांनी पाण्याखालचे गवत हळूहळू परतू लागले. १९८४ पासून सुमारे १७,००० हेक्टर गवत पुन्हा वाढले, असे शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. खाडी पूर्ण बरी झालेली नाही. उन्हाळ्यात तिच्या तळाशी प्राणवायू अजूनही कमी होतो. पण रोग परतवता येतो एवढे तिने दाखवले.

एक बाजू मात्र राहून गेली, ती अमोनियाची. धुराला कायदा लागला, शेणामुताला फारसा लागला नाही. पेर्ल यांच्याच नॉर्थ कॅरोलिनात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे २६ लाख डुकरे होती, ती दहा वर्षांत १ कोटीच्या आसपास गेली. राज्याने १९९७ साली नव्या मोठ्या केंद्रांवर स्थगिती आणली, तरी असलेली राहिलीच. परिणामी धुरापासूनचा नत्र घटत गेला आणि पावसातील नत्रात अमोनियाचा हिस्सा वाढत गेला. एक दार लावले तेव्हा दुसरे उघडे आहे हे दिसले.

श्रोतेहो, आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. चेसापीकचा दाखला जसाच्या तसा येथे लावणे चूक ठरेल. गोव्याच्या समोरील अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील, मुळातच प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर चढते. त्यावर पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे पसरते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या समुद्रात जातात, त्यानंतरच्या दोन महिन्यांत तळाकडील प्राणवायू अगदी घटतो. हे निसर्गाचेच चक्र आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. नक्वी व त्यांचे सहकारी यांनी मात्र २००० साली 'नेचर' मध्येच असा इशारा दिला की, माणसाच्या हातून जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या नत्रामुळे ही मूळची उणीव अधिक तीव्र होत असावी. ज्याला आधीच दम्याचा विकार आहे, त्याच्या खोलीत धूर करू नये, असा त्याचा साधा अर्थ.

आपल्या वाऱ्याचीही रीत वेगळी आहे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, म्हणून त्या काळचा पाऊस उगमापाशी तरी पुष्कळसा स्वच्छ असतो. खाली येताना गावाशहरांवरील हवा धुऊन काढतो आणि ते धुवण ओढ्यांनी, मांडवी-झुआरींनी समुद्रात जाते. हिवाळ्यात वारा उलटतो. ईशान्येकडून, जमिनीवरून तो समुद्राकडे वाहू लागतो. गंगा-सिंधूचे मैदान हे अमोनियाच्या बाबतीत जगातील सर्वांत भरलेल्या आभाळांपैकी एक आहे; शिवाय कोळशाच्या भट्ट्या व मोटारी यांची संख्या देशभर वाढलेली आहे. ह्यामुळे इंदूर-ग्वाल्हेर-हैदराबादकडे बसून हे भाषण ऐकणाऱ्यांनी समुद्राशी आपला काय संबंध, असे म्हणू नये. समुद्राचा किनारा जेथे भूगोलाच्या पुस्तकात संपतो तेथे वाऱ्याच्या हिशेबाने संपत नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. युरिया नुसता फेकण्याऐवजी मातीआड केला आणि पिकाच्या भुकेप्रमाणे हप्त्याहप्त्याने दिला, तर उडून जाणारा नत्र वाचतो आणि शेतकऱ्याचे पैसेही वाचतात. शेणखताचा खड्डा झाकून ठेवावा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण ह्याच कारणाने योग्य आहे. वीज केंद्रांच्या व मोटारींच्या धुरावरील नियम कागदावर न राहता पाळले जावेत, ह्यासाठी नागरिकांनी आग्रह धरला पाहिजे. नत्र जेथे खर्च व्हावयाचा तेथेच खर्च झाला, तर शेताचेही भले आणि समुद्राचेही.

त्या मुलाची शाळा केव्हाच संपली. पुढच्या वर्गाला मात्र मी ते जुने वाक्य तसेच सांगत नाही. शाळेच्या गच्चीवर आम्ही एक स्वच्छ भांडे ठेवतो. मृगाच्या पहिल्या सरीचे पाणी त्यात धरतो आणि त्याच आठवड्यातील चौथ्या-पाचव्या सरीचे पाणी दुसऱ्या भांड्यात. पहिले किंचित गढूळ दिसते, दुसरे नितळ. मग मी मुलांना सांगतो की, पाऊस ढगातून निघतो तेव्हा जवळजवळ शुद्ध असतो; खाली येताना हवेत जे असेल ते तो बरोबर घेऊन येतो, आणि हवेत काय असावे ह्याचा पुष्कळसा भाग आता आपल्या हाती आहे. हे उत्तर त्या मागच्या बाकावरील मुलाला मी त्याच दिवशी द्यावयास हवे होते.